एका सँडविचचा हिशेब : बार्बेक्यू बीफ, कॅलरी आणि भूक

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या श्रोत्यांनी विचारलं, "इतिहासाच्या व्याख्यानमालेत सँडविच कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्यातच आजचा सगळा वेळ जाणार आहे.

बार्बेक्यू बीफ सँडविच हा अमेरिकेतला अगदी साधा पदार्थ. गाईबैलाचं मांस लाकडाच्या मंद धगीवर, धुरात, तासन् तास शिजवायचं, त्याचे काप किंवा बारीक तुकडे करायचे, पावात भरायचे आणि वर आंबटगोड सॉस घालायचा. रस्त्याकडेच्या टपरीपासून शाळेच्या जेवणघरापर्यंत तो कुठेही मिळतो. आपल्यापैकी काही जण तो खातील, बरेच जण खाणार नाहीत. त्यावर आज वाद नको. आपल्याला तो खायचा नाही, त्याचा हिशेब तपासायचा आहे.

कागद-पेन्सिल असेल तर घ्या. एक मध्यम आकाराचं सँडविच धरू. शिजलेलं मांस ८५ ग्रॅम, एक गोल पाव, दोन मोठे चमचे सॉस. ढोबळमानाने यात प्रथिनं २९ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ १६ ग्रॅम आणि कर्बोदकं ४० ग्रॅम येतात. आता २९ ला ४ ने गुणा, १६ ला ९ ने आणि ४० ला पुन्हा ४ ने. आले ११६, १४४ आणि १६०. बेरीज ४२०. म्हणजे आपलं सँडविच ४२० कॅलरींचं.

हे ४, ९ आणि ४ आपण शाळेत पाठ केलेले असतात. पण ते आले कुठून? कुणी काढले, आणि मुख्य म्हणजे कशासाठी काढले? आमचं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे : हा आकडा एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर म्हणून तयार झाला. पुढे प्रश्न बदलत गेला, आकडा मात्र तोच राहिला. आणि मधल्या काळात त्या आकड्याला जे दिसत नव्हतं, त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली.

आकडा

विल्बर ॲटवॉटर हे कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउन गावचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, वेस्लियन विद्यापीठातले. तरुणपणी ते जर्मनीत शिकून आले. तिथे कार्ल फोईट आणि त्यांचे सहकारी माणूस काय खातो, त्यातलं अंगी किती लागतं आणि बाहेर किती पडतं, याचा ताळेबंद मांडत होते. ॲटवॉटरांनी ही पद्धत अमेरिकेत आणली. १८९४ साली अमेरिकी काँग्रेसने पोषणाच्या संशोधनासाठी १०,००० डॉलर मंजूर केले आणि कामाला वेग आला. १८९६ साली त्यांनी आणि चार्ल्स वुड्स यांनी अमेरिकी खाद्यपदार्थांच्या रासायनिक घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात बीफचे वेगवेगळे भाग आहेत, पाव आहे, काकवी आहे. म्हणजे आपल्या सँडविचचा कच्चा माल तेव्हाच तक्त्यात बसला होता.

त्याच सुमाराला एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी एक खोली बांधली. खोली म्हणजे काय, एक खाट, खुर्ची आणि टेबल कसंबसं मावेल अशी तांब्याच्या पत्र्याची पेटीच. तिच्यात एक माणूस काही दिवस राहायचा. छोट्या झडपेतून अन्न आत जायचं आणि मलमूत्र बाहेर यायचं. त्याच्या अंगातून निघणारी उष्णता खोलीभर फिरवलेल्या नळ्यांतलं पाणी शोषून घ्यायचं, आणि ते पाणी किती तापलं हे मोजायचं. कॅलरी म्हणजे तरी काय? एक किलो पाण्याचं तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला लागणारी उष्णता. माणूस कधी शांत बसायचा, कधी जागच्या जागी सायकल चालवायचा, आणि बाहेर आकडे लिहिले जायचे.

अन्न नुसतं भट्टीत जाळलं तर त्यातून जास्त उष्णता निघते. शरीरात ते सगळंच पचत नाही, आणि प्रथिनांतला काही भाग लघवीवाटे निघून जातो. ही घट वजा करून गोळाबेरीज केली तेव्हा ४, ९, ४ हे आकडे हाती आले. शास्त्र म्हणून हे काम मोठंच होतं. आज सव्वाशे वर्षांनीही जगभरच्या वेष्टनांवर त्याच आकड्यांचा हिशेब चालतो.

पण ॲटवॉटरांना हवं काय होतं? वजन कमी कसं करावं, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. त्या काळी अमेरिकी कामगाराच्या मिळकतीचा मोठा वाटा पोटावर खर्च व्हायचा, आणि वेतनावरून संप पेटत होते. ॲटवॉटरांचा प्रश्न होता, एका सेंटात जास्तीत जास्त पोषण कसं मिळेल? मध्यम कष्ट करणाऱ्या पुरुषाला त्यांनी रोज १२५ ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे ३,५०० कॅलरी नेमून दिल्या. आणि ते सांगत, महागाचे कोवळे तुकडे कशाला घेता? बैलाच्या स्वस्त, चिवट भागातही तेवढीच प्रथिनं असतात. फळं आणि पालेभाजी त्यांच्या तक्त्यात मागे पडायची, कारण पैशाच्या मानाने त्यांच्यात कॅलरी कमी. जीवनसत्त्वं अजून सापडायची होती. कॅसिमिर फंक यांनी ते नाव सुचवलं १९१२ साली, ॲटवॉटर गेले १९०७ साली.

हा उपदेश कामगारांच्या गळी उतरला का? बॉस्टनमध्ये १८९० साली एलेन स्वॉलो रिचर्ड्स आणि मेरी हिनमन एबल यांनी 'न्यू इंग्लंड किचन' काढलं. गरिबांसाठी शास्त्रशुद्ध, स्वस्त, शिजवलेलं अन्न विकायचं, अशी कल्पना. हेतू चांगला होता. पण आयरिश, इटालियन स्थलांतरितांनी त्याकडे पाठ फिरवली, कारण त्या अन्नाला त्यांच्या घरची चव नव्हती. कामगार चळवळीत तर उघड शंका घेतली जाई की, आधी म्हणायचं तुम्ही स्वस्तात जगू शकता, आणि मग म्हणायचं तेवढीच मजुरी पुरे. ही शंका लक्षात ठेवा, शेवटी ती आपल्याला पुण्यात भेटणार आहे.

मांस

गंमत अशी की ॲटवॉटर जे तक्त्यावरून सांगत होते, ते खड्ड्यातल्या धगीवर काम करणाऱ्या लोकांना आधीपासूनच माहीत होतं. बार्बेक्यूची विद्या मुळात कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांची. 'बारबाकोआ' हा त्यांचा शब्द स्पॅनिश लोकांनी उचलला. अमेरिकेच्या दक्षिणेत मोठमोठ्या मेजवान्यांसाठी रात्रभर धग सांभाळायचं काम गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांकडे असे. धन्याला नको असलेले चिवट भाग वाट्याला आले, तेही मऊ करण्याची कला त्यांनीच जोपासली.

सँडविचमधल्या बीफचा नेहमीचा भाग म्हणजे ब्रिस्केट, जनावराच्या छातीचा स्नायू. चार पायांच्या जनावराचं पुढचं ओझं हाच भाग पेलतो, म्हणून तो दोरासारखा चिवट. त्यात कोलॅजन भरपूर असतं. मंद आचेवर तासन् तास ठेवलं की त्या कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि मांस बोटांनी सुटायला लागतं. घाई केली तर तोच तुकडा चामड्यासारखा लागतो. थोडक्यात, ज्याच्याकडे पैसा कमी होता, त्याने वेळ आणि लाकूड खर्च केलं.

मध्य टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक खाटीक स्थायिक झाले होते. न खपलेलं मांस ते धुरात शिजवून विकत. लॉकहार्ट गावातलं क्रॉइझ मार्केट १९०० सालचं. कापूस वेचायला आलेले काळे आणि मेक्सिकन मजूर दुकानाच्या मागच्या बाजूला हे मांस कागदावर घेऊन पांढऱ्या पावाबरोबर खायचे. तिकडे कॅन्सस सिटीत शिकागोच्या खालोखाल मोठा गुरांचा बाजार होता. तिथे हेन्री पेरी हे टेनेसीहून आलेले कृष्णवर्णीय गृहस्थ १९०८ सालापासून धुरात शिजवलेलं मांस वर्तमानपत्राच्या कागदात बांधून विकायला लागले. त्या शहराच्या बार्बेक्यूची परंपरा त्यांच्यापासून धरतात.

पोषणाच्या भाषेत या मजुराच्या हातात काय होतं? आपल्या हिशेबातल्या ८५ ग्रॅम मांसात सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं आहेत, शिवाय शरीराला सहज घेता येणारं लोह, जस्त, ब-१२ आणि नायसिन. यातलं नायसिन आता पुढे महत्त्वाचं आहे.

पाव

कारण त्याच दक्षिणेत लाखो लोक असे होते ज्यांच्या वाट्याला मांसाचा हा कापही येत नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पेलाग्रा हा रोग पसरला. उघड्या अंगावर उन्हाने भाजल्यासारखे चट्टे, मग जुलाब, मग भ्रम आणि शेवटी मृत्यू. १९४० पर्यंत या रोगाने अमेरिकेत सुमारे एक लाख माणसं गेली, असा अंदाज मांडला जातो. बहुतेकांना वाटत होतं की हा संसर्ग आहे.

१९१४ साली सरकारी आरोग्य खात्याने जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला पाठवलं. अनाथाश्रम आणि वेड्यांच्या इस्पितळांत त्यांनी पाहिलं की रोग तिथल्या रहिवाशांना होतो, सेवकांना होत नाही. संसर्ग असता तर त्याने असा भेद केला नसता. भेद होता तो ताटात. पुढे एडगर सायडनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाबरोबर ते दक्षिण कॅरोलायनातल्या कापड गिरण्यांच्या वस्त्यांत घरोघर फिरले. कुणाची मिळकत किती, कुणी काय विकत घेतलं, कुणाच्या घरी रोग, सगळं टिपून घेतलं. उत्तर स्वच्छ होतं : मिळकत जितकी कमी, पेलाग्रा तितका जास्त. ज्या घरात ताजं मांस आणि दूध येत होतं, ते घर वाचत होतं.

बाकीच्यांच्या ताटात काय असे? मक्याचं पीठ, डुकराची खारवलेली चरबी आणि काकवी. आता इथे जरा थांबा आणि पुन्हा ४, ९, ४ चा गुणाकार करा. पिठाच्या कॅलरी भरपूर, चरबीच्या त्याहून जास्त, काकवीच्या वेगळ्या. कॅलरीच्या हिशेबात हे ताट फारसं उणं दिसत नाही. पोट भरलेलं आणि माणूस मरणाच्या दारात. आकडा खोटा नव्हता, पण जे विचारायला हवं होतं ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

विस्कॉन्सिनमध्ये कॉनरॅड एल्व्हेम यांनी १९३७ साली दाखवून दिलं की पेलाग्रासारखाच कुत्र्यांना होणारा रोग निकोटिनिक आम्लाने, म्हणजेच नायसिनने, बरा होतो. गोल्डबर्गर तोवर हयात नव्हते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकी सरकारने पांढऱ्या पावात नायसिन, थायमिन आणि लोह घालणं सक्तीचं केलं. आज बार्बेक्यू सँडविचचा तो मऊ, बेचव पाव हातात घेतला की आम्हाला त्या गिरणीवस्त्या आठवतात. मजुरी वाढवणं अवघड होतं, पावात चिमूटभर भुकटी घालणं सोपं होतं, आणि त्या भुकटीने खरोखर जीव वाचले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

हे दूरदेशीचं दुखणं समजू नका. आपल्या दख्खनच्या पठारावर ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांतही पेलाग्रा दिसत होता. हैदराबादच्या सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास त्याचा अभ्यास केला.

सॉस

आता वरचा थर. टेक्सासच्या जुन्या खाटकांकडे सॉस नसेच, मीठ-मिरी आणि धूर पुरे. हेन्री पेरींचा सॉस तिखटजाळ होता म्हणतात. आज आपण ज्याला बार्बेक्यू सॉस म्हणतो, तो दाट, गडद, गोड प्रकार घराघरांत पोचला तो बाटलीतून. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅन्सस सिटीतले रिच डेव्हिस या बालमानसोपचारतज्ज्ञांनी काकवी आणि टोमॅटोचा असा एक सॉस बाजारात आणला. १९८६ साली तो एका मोठ्या कंपनीने विकत घेतला आणि देशभर पोचवला. त्याच दशकात मक्यापासून काढलेला गोड पाक साखरेपेक्षा स्वस्त पडू लागला आणि शीतपेयांपासून सॉसपर्यंत सगळ्यात शिरला.

अशा सॉसच्या दोन मोठ्या चमच्यांत साधारण १२ ग्रॅम साखर आणि साडेतीनशे मिलिग्रॅम सोडियम असतं. पाव आणि मांसावरचं मीठ मिळवलं की सोडियम सहज हजारावर जातं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा २,००० ची आहे. गिरणी कामगाराला काकवी मारत नव्हती, बाकीच्या गोष्टींची उणीव मारत होती. आता उणीव भरून निघाली आणि काकवी तेवढी उरली, तीही वाढत्या मापाने.

फलकावरचा आकडा

इथे आकड्याचा प्रश्न उलटतो. १९१८ साली लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी कॅलरी मोजून वजन कमी करायचं पुस्तक लिहिलं आणि ते तुफान खपलं. 'एका सेंटात किती मिळतील' याच्या जागी 'किती टाळता येतील' आलं. १९९० च्या कायद्याने वेष्टनावर पोषणाची चौकट सक्तीची झाली, १९९४ पासून ती दिसू लागली. न्यूयॉर्कने २००८ साली साखळी उपाहारगृहांच्या फलकावर कॅलरी लिहायला लावल्या. २०१८ पासून २० किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना देशभर तोच नियम लागू झाला.

आपल्याकडेही २०२० च्या नियमांनी १० किंवा अधिक ठिकाणी चालणाऱ्या उपाहारगृहांना हे बंधन घातलं. म्हणजे आता आपण मॉलमध्ये पदार्थासमोर जो आकडा वाचतो, तो मिडलटाउनच्या तांब्याच्या पेटीतूनच आलेला आहे. तिथून तो आणखी एका ठिकाणी पोचला, आणि ते आपल्या घराजवळ आहे.

१९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. गरीब कोणाला म्हणायचं? तर दरडोई रोज २,२५० कॅलरी मिळतील एवढाही खर्च ज्याला झेपत नाही, तो. १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. या मापाने खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली निघाले. १९७९ च्या तज्ज्ञ गटाने हे माप खेड्यात २,४०० आणि शहरात २,१०० केलं.

त्यावर पुण्यातच वाद पेटला. साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेत अनेक वर्षं संख्याशास्त्र सांभाळून परतले होते. ते म्हणत, एकाच माणसाची गरज रोज बदलते, कमी-जास्त खाण्याशी शरीर जुळवून घेतं, म्हणून सरासरीच्या आकड्याखालचा प्रत्येक जण उपाशी ठरवता येत नाही. आणि घाण पाणी, जुलाब, जंत यांनी खाल्लेलं अंगी लागत नसेल, तर नुसत्या धान्याने काय होणार? दांडेकरांना धास्ती वेगळीच होती. शरीर जुळवून घेतं म्हणता म्हणता गरिबांची संख्याच कागदावर आटून जाईल, अशी.

आठवते ती बॉस्टनच्या काळातली शंका? स्वस्तात जगता येतं म्हणायचं, आणि मग तेवढीच मजुरी पुरे म्हणायचं. नव्वद वर्षांनी, दुसऱ्या खंडात, तीच. सुखात्म्यांच्या पाण्याच्या मुद्द्यात फार तथ्य होतं, असं आम्हाला वाटतं. आणि दांडेकरांची धास्तीही अनाठायी नव्हती. कारण हा आकडा हातात आला की रेषा कुठे ओढायची हे शास्त्र एकट्याने ठरवत नाही.

तर मंडळी, आपल्या सँडविचचे ४२० आता पुन्हा बघा. लॉकहार्टच्या दुकानामागे उभ्या असलेल्या कापूस वेचणाऱ्याला ते कमी पडले असते. गिरणीवस्तीतल्या आईला त्यातला नुसता मांसाचा काप रोज मिळता, तर तिचं घर वाचलं असतं. आणि आज दिवसभर गाडीत किंवा खुर्चीत बसून काम करणाऱ्याला तेच ४२०, सॉससकट आणि शेजारी बटाट्याच्या तळलेल्या काड्या घेऊन, जड जातात. बेरीज तिघांची सारखीच आहे. पुढच्या वेळी एखाद्या फलकावर, वेष्टनावर किंवा सरकारी अहवालात कॅलरीचा आकडा दिसला, तर तो बरोबर आहे का एवढंच पाहू नका. तो कुणाच्या ताटाबद्दल बोलतोय, आणि कुणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतोय, हेही विचारा. इतिहासाच्या मालिकेत सँडविच आणलं ते एवढ्यासाठीच.

आता तुमचे प्रश्न घेऊ.